पेटी आपली, मग पियानो परका कसा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या अंकात वाचकांच्या पत्रांमध्ये एका गृहस्थांनी शाळांमध्ये पियानोचे क्लास निघतायत म्हणून बराच राग काढलाय. त्यांचं म्हणणं असं की पेटी-तबला ही आपली वाद्यं, पियानो म्हणजे साहेबाच्या दिवाणखान्यातलं फर्निचर, मराठी पोरांनी त्याच्या नादी लागायचं कारणच काय. मी स्वतः पेटीवाला आहे. डोंबिवलीत आमच्या भजनी मंडळात कित्येक वर्षं साथीला बसतोय, अभंग झाला, गौळण झाली, भैरवी झाली की पेटी खांद्याला लावून घरी, आणि रिटायर झाल्यावर हौस म्हणून पियानो शिकायला लागलोय, त्यामुळे या विषयावर दोन शब्द बोलायचा हक्क मला आहे असं समजून लिहितोय. पत्र लांबलं तर कात्री लावा, पण मधला काळ्या पट्ट्यांचा भाग तेवढा ठेवा प्लीज.

आता पेटी "आपली" कधीपासून झाली हो? हार्मोनियमचं पेटंट १८४२ साली पॅरिसमध्ये अलेक्सांद्र दबँ नावाच्या माणसाने घेतलं. ती पायाने भाता मारायची, स्टुलावर बसून वाजवायची. पुढे कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी तिला हाताचा भाता लावला आणि ती जमिनीवर आली, कारण आपला गवई मांडी घालून बसतो, आणि एकदा जमिनीवर आल्यावर मग काय, कीर्तनात शिरली, तमाशात शिरली, देवळात, शाळेच्या प्रार्थनेत, सगळीकडे. संगीत नाटकात तर पायाचा ऑर्गनच असायचा, बालगंधर्वांच्या पदांना मागे जो भरदार सूर ऐकू येतो तो ऑर्गनचा, आणि तो काय पंढरपुरात बनून आला नव्हता. त्याबद्दल कोणी तक्रार केल्याचं मी तरी ऐकलं नाही, उलट ऑर्गन नसला तर जुने रसिक नाक मुरडतात.

आणि याच आपल्या लाडक्या पेटीला १९४० पासून तीसेक वर्षं रेडिओवर बंदी होती हे आज किती जणांना माहितीये? आक्षेप काय होते तर पेटीतून मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही, सूर पट्टीला बांधलेले, श्रुती (सुरांमधल्या बारीक जागा) चुकतात, परदेशी वाद्य आहे. म्हणजे त्या गृहस्थांनी पियानोबद्दल जे जे लिहिलंय ते ते सगळं तेव्हा पेटीला ऐकवून झालेलं आहे. आक्षेप खोटा होता असंही नाही. गळ्यातला शुद्ध गंधार आणि पेटीचा गंधार यात साधारण १४ सेंटचा (लगतच्या दोन पट्ट्यांत १०० सेंट धरतात) फरक पडतो, पेटीचा चढा असतो, तंबोऱ्याशेजारी पेटी लावली की कानाला कळतं. ठाण्याच्या डॉ. विद्याधर ओकांनी याच कारणासाठी २२ श्रुतींची पेटी बनवली. पण तेवढ्यासाठी आपण पेटी अडगळीत टाकली का? नाही ना. मग तोच गंधार पियानोवर वाजला की तो एकदम सांस्कृतिक आक्रमण कसं काय होतं.

बरं ते जाऊदे. वाद म्हणून नाही, पियानो म्हणजे मुळात काय चीज आहे हे पेटीवाल्याच्या कानाने सांगायचंय मला.

पट्ट्या त्याच. पांढरी एक, काळी एक, पांढरी दोन, सगळं जिथल्या तिथे, फक्त आमच्या पेटीत साडेतीन सप्तकं आणि पियानोत सव्वासात, एकूण ८८ पट्ट्या, ५२ पांढऱ्या आणि ३६ काळ्या. पण पहिल्यांदा हात ठेवला की पेटीवाल्याची पंचाईत होते. पेटीवर पट्टी हळू दाबा नाहीतर जोरात दाबा, आवाजाचं लहानमोठेपण डाव्या हातात असतं, भात्यात. इथे भाताच नाही. जे काय आहे ते बोटात. पट्टी दाबली की आत एक फेल्टची हातोडी उडते आणि तारेवर आदळते, आणि गंमत म्हणजे तारेपर्यंत पोचायच्या जरा आधी ती पट्टीपासून सुटी होते, आपल्या वेगाने जाऊन तार मारते आणि लगेच मागे पडते, कारण ती तारेला चिकटून बसली असती तर सूर तिथेच मेला असता. बोट पट्टीवर असेपर्यंत तार वाजत राहते, बोट उचललं की वरून फेल्टचा दाब येऊन तार गप्प. म्हणजे हातोडी किती जोरात फेकायची एवढंच वाजवणाऱ्याच्या हातात असतं, एकदा फेकली की फेकली, मग भाता नाही, गमक नाही, काही नाही.

ही हातोडीची युक्ती इटलीत फ्लोरेन्सला मेदिची घराण्याच्या पदरी असलेल्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने १७०० च्या आसपास काढली. त्याआधी हार्प्सिकॉर्ड होता, त्यात तार खुडली जायची, आणि कितीही आपटलं तरी आवाज तेवढाच. क्रिस्तोफोरीने बनवलेले तीन पियानो आजही शाबूत आहेत, त्यातला सगळ्यात जुना १७२० चा न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये ठेवलाय. पुढे १८२१ मध्ये एरारने अशी सोय केली की पट्टी पूर्ण वर यायच्या आतच पुन्हा वाजवता यावी, त्यामुळे एकच सूर भराभर वाजवणं जमायला लागलं, आणि १८२५ मध्ये बॉस्टनच्या बॅबकॉकने अख्खी ओतीव लोखंडी फ्रेम टाकली. लोखंड का, तर आत सव्वादोनशेच्या वर तारा असतात, खर्जाच्या तळाला एका पट्टीला एक, त्याच्या वर दोन, मधल्या आणि वरच्या सप्तकांत तीन तीन, आणि सगळ्यांची मिळून ओढ १८-२० टनांच्या घरात जाते. लाकूड एवढं कुठून सहन करणार. मोठ्या हॉलमधला पावणेतीन मीटर लांबीचा ग्रँड पियानो पाचेकशे किलोचा असतो तो उगाच नाही. खांद्याला लावून भजनाला नेता येत नाही हा पियानोचा दोष मला मान्य आहे.

आता पेडल. उजवं पेडल दाबलं की सगळ्या तारांवरचा दाब एकदम उठतो आणि तुम्ही एक सूर वाजवला तरी त्याचे नातलग असलेले सगळे सूर आपोआप बोलायला लागतात, जसं सतारीच्या तरफा. कोणाला पियानोशेजारी उभं राहायची संधी मिळाली तर एक करून बघा. मधला सा आवाज न करता हळूच दाबून धरायचा, मग त्याच्या खालच्या सप्तकातला सा एकदा खणकन वाजवून सोडून द्यायचा. खालचा सूर बंद होतो आणि ज्याला कोणी मारलंच नाही तो वरचा सा वाजत राहिलेला ऐकू येतो. आमच्या मंडळातल्या पखवाजवाल्या काकांना मी हे दाखवलं तर ते तीनदा करायला लावून म्हणाले, "हा तर तंबोराच झाला की रे."

आणि आता काळ्या पट्ट्या. काळी तीनला, म्हणजे सप्तकातल्या तिसऱ्या काळ्या पट्टीला, सा धरा आणि फक्त काळ्या वाजवत वर जा. सा रे ग प ध. भूप राग! बोट चुकूच शकत नाही. आता त्याच पाच पट्ट्या, पण सा काळी चारला धरला तर सा रे म प नि, कोमल निषादाचा, म्हणजे मेघ म्हणा नाहीतर मधमाद सारंग. काळी पाचला सा धरला की चक्क मालकंस, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नि. काळी एकला धरला की दुर्गा, काळी दोनला धानी. पाच पट्ट्यांत पाच राग, आपले जुने लोक ज्याला मूर्च्छना म्हणत ते लहान पोराला दहा मिनिटांत डोळ्यांनी दिसतं. (राग म्हणजे नुसते स्वर नाहीत, चलन हवं, वादी-संवादी हवेत, हे मला ठाऊक आहे, कृपया त्यावर पत्रं पाठवू नका.) हे पेटीवरही होतं अर्थात, पण पियानोवर उजवं पेडल दाबून काळ्या वाजवल्या की सगळे सूर एकमेकांत मिसळून जो काही भूप भरून राहतो ना, तो पेटीत नाही मिळत. आणि पियानोसाठी रचना करणाऱ्या शोपँने नेमका हाच खेळ केलाय. त्याचा एक एट्यूड, म्हणजे सरावासाठीची रचना, आहे काळी तीनच्या पट्टीतला, ज्यात उजवा हात एखादा सूर सोडला तर पूर्णपणे काळ्या पट्ट्यांवरच पळत असतो. पोलंडचा माणूस तिकडे युरोपात बसून लिहितोय आणि डोंबिवलीत ऐकताना मला मधूनच भूपाचा भास होतो, आता याला काय करायचं! बीथोवनचा तो मूनलाइट म्हणून प्रसिद्ध झालेला १८०१ चा सोनाटा घ्या, तो काळी एकमधला आहे, आपल्याकडच्या निम्म्या पुरुष गायकांची पट्टी.

याच शोपँबद्दल असं सांगतात की तो शिष्यांना सारखं बजावायचा, गायक ऐका, ऑपेरातले चांगले गाणारे ऐका आणि तसं वाजवा. म्हणजे आपण ज्याला गायकी अंग म्हणतो तेच ना? पियानोचा सूर वाजल्या क्षणापासून विझायला लागतो, धरून ठेवता येत नाही, फुगवता येत नाही, आणि तरीही ऐकणाऱ्याला सलग गाणं ऐकू यावं यासाठी पुढचा सूर मागच्या सुराच्या उरलेल्या आवाजाशी जुळवून वाजवायचा असतो. हे कळल्यापासून माझ्या पेटीतही फरक पडलाय असं मंडळी म्हणतात. आधी मी भाता बडवायचो जरा.

आता परकेपणाबद्दल. मुंबईत फुर्तादोंचं वाद्यांचं दुकान १८६५ पासून आहे, म्हणजे आपल्या बऱ्याच नाटक कंपन्यांपेक्षा जुनं. गोव्यात चर्चच्या शाळांतून पोरांना नोटेशन आणि व्हायोलिन शिकवायचे, तिथून पिढ्यानपिढ्या वादक मुंबईत आले. १९३० च्या दशकात ताजमध्ये टेडी वेदरफर्ड नावाचा अमेरिकन काळा पियानिस्ट जॅझ वाजवायचा, त्याच ताजच्या बँडमधले गोव्याचे वादक दिवसा फिल्मच्या रेकॉर्डिंगला जायला लागले, आणि आमच्या नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे संगीतकार सी. रामचंद्र त्यांच्याकडून ती चाल उचलून हिंदी सिनेमाला नाचवायला लागले. मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा हे अरेंजर (कोणतं वाद्य कुठे काय वाजवेल ते लिहून देणारे), पियानोवर बसणाऱ्या लुसिला पाशेको, ही माणसं पडद्यावर दिसली नाहीत. दिसायचा तो हिरो, सूट घालून, मान कलती करून, बोटं कुठेतरी आणि सूर कुठेतरी! १९४९ च्या 'अंदाज'मध्ये दिलीपकुमार पियानोवर बसलाय, १९६४ च्या 'संगम'मध्ये राज कपूर बसलाय, मधल्या आणि पुढच्या वर्षांत तर कोणीही उठावं आणि पार्टीत पियानोवर मन मोकळं करावं अशी परिस्थिती होती. आमच्या आईला पियानो कशाशी खातात ते माहीत नव्हतं पण ती गाणी तिला सुरावटीसकट, मधल्या म्युझिकसकट पाठ होती. मराठीतही केशवराव भोळ्यांसारख्या संगीतकाराने फार आधीच पियानो, व्हायोलिन, हवाईयन गिटार बिनदिक्कत वापरली. एखाद्या वाद्याने पाऊणशे वर्षं आपल्या लग्नात, रेडिओवर, रिक्षात वाजल्यावर ते परकं राहतं का?

पारशी मंडळींचं तर काय सांगावं. मेहली मेहतांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. मुंबईत जन्मलेले व्ही. बालसारा पुढे कलकत्त्यात स्थायिक झाले आणि त्यांनी पियानोवर आपल्या धुना अशा वाजवल्या की मींड नाही ही गोष्ट ऐकताना आठवतसुद्धा नाही, दोन सूर जवळजवळ लागून घेतात आणि कान मधली वाट स्वतःच भरून काढतो. आणि एक गंमत म्हणून सांगतो, मुंबईच्या एका पारशी इंजिनिअरचा इंग्लंडमध्ये वाढलेला मुलगा कैखुश्रू शापूरजी सोराबजी याने १९३० मध्ये ग्लासगोला स्वतःची एक पियानोची रचना वाजवली, ती साधारण चार तासांची आहे. एकटा माणूस! आपल्याकडे रात्रभर चालणाऱ्या मैफिलींची सवय असलेल्यांना त्याचं काही वाटणार नाही, पण नाट्यगृहाच्या कँटीनवाल्याला बटाटेवड्याचे घाणे वाढवावे लागतील.

माझं खरं दुखणं वेगळंच आहे. पोरं पियानो शिकतायत म्हणजे काय करतायत, तर घरोघरी कॅसिओ आहे. ग्रेडच्या परीक्षा देतायत, ट्रिनिटीच्या, चांगले मार्क मिळवतायत, व्हिडिओ टाकतायत, २०१९ मध्ये चेन्नईचा लिडियन नादस्वरम अमेरिकेत दहा लाख डॉलरची स्पर्धा जिंकला तेव्हापासून तर आयांचा उत्साह बघायलाच नको. माझी काही तक्रार नाही, हलक्या कीबोर्डवर का होईना शिकतायत. पण यातल्या कितीतरी मुलांनी खऱ्या तारेचा, खऱ्या लाकडाचा पियानो कधी ऐकलेलाच नाही. नरिमन पॉइंटला एनसीपीएत जावं तर कार्यक्रम संपून शेवटची फास्ट लोकल पकडायची धावपळ, आणि तिकिटाचं म्हणाल तर चौघांचं कुटुंब नेणं सगळ्यांना परवडत नाही. आमच्या बाजूच्या एका हॉलमध्ये, नाव घेत नाही, कोणीतरी कधीतरी देणगी दिलेला उभा पियानो आहे. त्याच्यावर कुंड्या ठेवल्यात. झाकण उघडायची मी परवानगी मागितली तर किल्ली कोणाकडे आहे हेच कोणाला माहीत नव्हतं, शेवटी शिपायाने ड्रॉवरमधून शोधून काढली. आत मधल्या सप्तकात निम्म्या पट्ट्या दाबल्या की वर येत नाहीत, फेल्ट कसरीने खाल्लेलं, तळाला उंदरांनी संसार थाटलेला. देणगीदाराच्या नावाची पाटी तेवढी चकचकीत पुसलेली होती.

आपली हवा या वाद्याला मानवत नाही हे खरंच आहे. पावसाळ्यात आतलं लाकूड फुगतं, सूर चढतात, पट्ट्या अडकतात, थंडीत कोरडं पडलं की सूर उतरतात. जुन्या मुंबईत आणि गोव्यात लोक पियानोच्या पोटात एक लहान वॅटचा बल्ब लावून ठेवायचे, दमटपणा मारायला, साधा उपाय आणि चालतो. पण वर्षातून दोनदा तरी ट्यून करायला माणूस लागतो, आणि तो माणूस मिळणं हीच खरी अडचण आहे. मी ज्यांच्याकडे शिकतो तिथे जे ट्यूनर येतात ते तारांच्या मध्ये रबराची पाचर घालून एकेक तार वेगळी ऐकतात, दोन तारांमध्ये जी लहर उठते ती हळूहळू संथ होत होत थांबली की तार मिळाली. मी बघतच बसलो, कारण आमचे पेटी दुरुस्त करणारे कारागीर हेच करतात! ते सूर, म्हणजे आतल्या पितळेच्या पात्या, काढून कानशीने घासतात, पाती टोकाशी घासली की सूर चढतो, बुडाशी घासली की उतरतो, आणि लहर ऐकून मिळवतात. कान तोच आहे, हत्यार वेगळं. आपल्याकडे गावोगाव असे कारागीर आहेत, त्यांची पोरं आता त्या धंद्यात राहायला तयार नाहीत कारण पैसा नाही. त्यांना पियानो ट्यूनिंगचं काम शिकवलं तर दोन्ही वाद्यं जगतील, आणि कानाने मिळवायची विद्या मोबाईलच्या ॲपवर सोडून द्यावी लागणार नाही.

म्हणून महापालिकांना माझं म्हणणं आहे की नाट्यगृहाच्या नूतनीकरणावर खर्च करता, खुर्च्या बदलता, एसी बदलता, तर एक बऱ्यापैकी उभा पियानो घ्या, ग्रँड नको, सेकंडहँड चालेल, विंगेत जिथे पावसाची झड येत नाही तिथे ठेवा, किल्ली कोणाकडे असेल त्याचं नाव बाहेर लिहा आणि ट्यूनिंगचे पैसे दरवर्षीच्या मेंटेनन्समध्ये धरा. दुपारी हॉल रिकामाच असतो, आसपासच्या शाळांतली पोरं येऊन तासभर वाजवतील. त्याच स्टेजवर शेजारी पेटी ठेवा, दोन्हीवर भूप वाजवून दाखवा, पोरांना काय आपलं आणि काय परकं ते त्यांचं त्यांना ठरवू दे.

२०१५ पासून वर्षाचा ८८वा दिवस, म्हणजे लीप वर्ष नसेल तर २९ मार्च, जगभर पियानोचा दिवस म्हणून पाळतात, ८८ पट्ट्या म्हणून. आपण त्या दिवशीच्या पुरवणीत मोठमोठ्या पियानिस्टांचे फोटो छापालच, छापा, पण एक पान मुंबई, पुणे आणि गोव्यात ट्यूनिंग आणि दुरुस्ती करणाऱ्या माणसांवर द्या. ते कोणाकडे शिकले, फेल्ट आणि तारा कुठून मागवतात, एका ट्यूनिंगचे किती घेतात, लांबच्या गावी यायला तयार आहेत का, हे सगळं छापा. आमच्या बाजूचा तो कुंड्यांचा पियानो अजून दुरुस्त होण्यासारखा आहे, लोखंडी फ्रेम शाबूत आहे, मी बॅटरी मारून बघितलीये.

आपला,
एक पेटीवाला, डोंबिवली (पूर्व)